आग लागल्यावर पाय का निघत नाही

रात्रीचे पावणेबारा झाले असतील. मी सहाव्या मजल्यावर राहते. झोपायच्या आधी दिवे मालवत होते, तेवढ्यात दाराच्या फटीतून वायर जळाल्याचा कडवट वास आला. दार उघडलं तर समोरच्या काकू आधीच उंबऱ्यात उभ्या. ‘काय गं, तुमच्याकडे काही जळतंय का?’ ‘नाही हो काकू, मला वाटलं तुमच्याकडेच.’ कोपऱ्यातल्या घराचंही दार उघडलं. पॅसेजमधल्या ट्यूबलाइटभोवती धूर दिसत होता, पातळ, उदबत्तीचा असावा तसा. आम्ही चार-पाच जण तिथे उभे राहिलो आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

कुणीतरी इंटरकॉमवरून वॉचमनला फोन लावला. त्याने उचलला नाही. कोपऱ्यातल्या घरातला मुलगा ‘बघून येतो’ म्हणून खाली गेला आणि आम्ही त्याची वाट बघत थांबलो. तो खोकतच परत आला. ‘मीटर रूममधनं येतोय. बराच आहे.’ आता निघायला हवं होतं. काकू आत गेल्या. गॅसचा रेग्युलेटर बंद केला, देवापुढचं निरांजन विझलंय का पाहिलं, काकांच्या गोळ्यांची पिशवी शोधली, कपाटातून कागदपत्रांची फाइल काढली, आणि मग कुलूप सापडेना. मी काकूंसाठी थांबले. माझी मुलगी माझ्यासाठी थांबली. जिन्यात दोघं-तिघं उलटे वर येताना भेटले. त्यांची म्हातारी माणसं वरच्या मजल्यांवर होती, त्यांना आणायला निघाले होते.

आणि आम्ही सगळे पुढच्या जिन्याने उतरलो. ज्या जिन्यातून धूर वर येत होता, त्याच जिन्याने. मागचा जिना आमच्या दारापासून पंधरा पावलांवर आहे. त्यात धूर नव्हता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. अर्थात त्या रात्री तिकडून गेलो असतो तरी तळमजल्यावर अडकलो असतो, कारण खालच्या दाराला कुलूप होतं. सायकली चोरीला गेल्यावर सोसायटीच्या सभेत तसा ठराव झाला होता. त्या ठरावाला मीही हात वर केला होता.

आग वायरिंगपुरतीच राहिली, अग्निशमन दलाने ती लवकर आटोक्यात आणली. चौथ्या मजल्यावरच्या आजींना धूर लागला, त्या दोन दिवस दवाखान्यात होत्या. मुलीने वडिलांना पाठवलेला पहिला मेसेज आणि खाली उघड्यावर आल्यावर केलेला फोन यांच्यातला वेळ मी नंतर मोजला. अकरा मिनिटं. सहा मजले उतरायला दोन-अडीच मिनिटं लागतात. बाकीचा सगळा वेळ निघायलाच लागला होता.

दुसऱ्या दिवशी खाली कट्ट्यावर जो तो सांगत होता, ‘काय घबराट उडाली होती काल रात्री!’ मी आठवून पाहिलं. कुणी धावलं नव्हतं. कुणी कुणाला ढकललं नव्हतं. कुणी किंचाळलंही नव्हतं. एकेका पायरीवर थांबून लोक म्हाताऱ्यांना पुढे जाऊ देत होते. घबराट उडाली असती तर कदाचित लवकर बाहेर पडलो असतो. तरीही आमच्या सगळ्यांच्या तोंडी शब्द आला तो घबराटच, कारण अशा प्रसंगासाठी आपल्याला दुसरा शब्दच माहीत नाही. वर्तमानपत्रात तोच येतो, चौकशी अहवालांवर बोलताना तोच येतो, पुढाऱ्यांच्या तोंडी तोच येतो. लोक घाबरले, सैरावैरा पळाले, म्हणून मेले.

मला या शब्दाशी भांडायचं आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याच्या चुकीमुळे माणसं मरतात.

माणसं संकटात नेमकं काय करतात याचा अभ्यास गेली सत्तर वर्षं चालला आहे. एन्रिको क्वारांटेली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात या घबराटीचा शोध घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याला आढळलं की ती अतिशय दुर्मीळ आहे. त्याच्यानंतरच्या बहुतेक अभ्यासकांच्या हाती तेच आलं. जळत्या इमारतीतली माणसं सहसा भान हरपून पळत नाहीत. आधी ती थांबतात. शेजारच्याला विचारतात. आपली माणसं गोळा करतात. मग ओळखीच्या वाटेने, एकमेकांना धरून, सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने निघतात. आपल्या भाषेत याला फार नेमका वाक्प्रचार आहे: पाय निघत नाही. माहेरून निघताना, दवाखान्यात कुणाला ठेवून येताना आपण तो वापरतो. धुराने भरलेल्या पॅसेजमध्येही तेच होतं.

हा थांबण्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. १९६८ मध्ये लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवून प्रश्नावली भरायला दिली आणि भिंतीतल्या झडपेतून खोलीत धूर सोडला. खोलीत एकटा असलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी उठून बाहेर जाऊन कळवलं. तीन अनोळखी विद्यार्थी एकत्र असले, तर अशा गटांपैकी फक्त ३८ टक्के गटांतून कुणी कळवलं. आणि सोबतचे दोघे आधीच पढवलेले असले, धूर दिसूनही मान खाली घालून लिहीत बसणारे, तर दहांतला एकच जण उठला. उरलेले डोळे चोळत, धूर हाताने बाजूला सारत प्रश्नावली भरत राहिले.

ही मुलं निर्बुद्ध नव्हती. प्रत्येक जण बाकीच्यांकडे बघून परिस्थितीचा अर्थ लावत होता आणि बाकीचे त्याच्याकडे बघत होते. आम्ही सहाव्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये उभे राहून हेच केलं. काकू शांत होत्या म्हणून मला वाटलं एवढं काही नसेल. मी उभी होते म्हणून काकूंना तसंच वाटलं असणार. घोळक्यात माणूस बेफाम होतो, असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तो घोळक्यात अधिक निवांत होतो आणि धोका तिथूनच सुरू होतो.

दक्षिण कोरियातल्या डेगू शहरात १८ फेब्रुवारी २००३ रोजी भुयारी रेल्वेत आग लागली आणि १९२ माणसं गेली. त्या आगीचा एका प्रवाशाने डब्याच्या आतून काढलेला फोटो जगभर छापून आला. डबा धुराने राखाडी झाला आहे आणि लोक बाकांवर बसून आहेत. काहींनी तोंडावर हात धरला आहे. कुणी उठलेलं नाही. गाडीत बसून राहण्याची सूचना झाली होती आणि शेजारचाही बसलेलाच होता. हा फोटो पाहिल्यावर घबराट हा शब्द माझ्या तोंडून परत निघाला नाही.

मग माणसं उठतात कशाने? कुणीतरी अधिकाराने, स्पष्ट शब्दांत, काय झालंय आणि कुठून जायचं ते सांगितल्याने. अमेरिकेत केंटकी राज्यात बेव्हर्ली हिल्स सपर क्लब नावाचं मोठं भोजनगृह होतं. २८ मे १९७७च्या रात्री तिथे आग लागली, तेव्हा एकट्या नाट्यगृहाच्या दालनातच हजाराच्या वर लोक बसले होते. दोन विनोदी कलाकारांचा कार्यक्रम रंगात आला होता. भांडी उचलणारा अठरा वर्षांचा एक मुलगा सरळ रंगमंचावर चढला, त्याने माइक हातात घेतला आणि बाहेर पडायची दारं कुठे आहेत ते बोट दाखवून सांगितलं. काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, ते बसून राहिले. पण शेकडो लोक उठले. त्या रात्री १६५ जण मेले. तो मुलगा वर चढला नसता तर हा आकडा किती झाला असता, याचा विचार करवत नाही.

त्या आगीत वाचलेल्यांचे जबाब नंतर नॉरिस जॉन्सन या अभ्यासकाने बारकाईने वाचले. त्याला जे दिसलं ते असं: वाढपी आपापल्या टेबलांच्या लोकांना बाहेर काढत होते. ज्या टेबलांवर तासभर वाढलं, ती माणसं त्यांना आपली जबाबदारी वाटली. नवरा-बायको, मित्र, एका टेबलावरचे लोक एकमेकांना सोडत नव्हते. नेहमीची रीतभात धुरातही सुटली नव्हती. ससेक्स विद्यापीठातले जॉन ड्रुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००५च्या लंडन बाँबस्फोटांतून वाचलेल्यांशी बोलताना आणखी एक गोष्ट दिसली. एकमेकांना अजिबात न ओळखणारे प्रवासीही अंधाऱ्या बोगद्यात एकमेकांना पाणी देत होते, जखमा बांधत होते. आपण सगळे एकाच संकटात आहोत हे कळलं की परक्यांमध्येही नातं जुळतं. २००५च्या २६ जुलैला मुंबईच्या पाण्यात छातीएवढं उभं राहून अनोळखी माणसांचा हात धरलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

आता उलटी बाजू. माणसं आपल्या माणसांना सोडत नाहीत, ही गोष्ट जीव वाचवते तशी घेतेही. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर समरलँड नावाचं मोठं करमणूक केंद्र होतं. २ ऑगस्ट १९७३ रोजी ते जळालं आणि पन्नास माणसं गेली. सुट्टीचे दिवस होते. मुलं एका मजल्यावर खेळत होती, आईबाप दुसऱ्या मजल्यावर बसले होते. जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञाने या आगीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. जी कुटुंबं आगीच्या वेळी एकत्र होती ती एकत्रच बाहेर पडली. ज्यांची मुलं दुसरीकडे होती ते गर्दीतून उलटे, मुलांच्या दिशेला गेले. बाहेरून बघणाऱ्याला तो गोंधळ वाटला असेल. आईच्या दृष्टीने त्याच्याइतकी शहाणपणाची दुसरी गोष्ट नव्हती. साइमने दुसरीही गोष्ट दाखवून दिली: पाहुणे ज्या दाराने आत आले होते त्याच दाराकडे गेले आणि आणीबाणीच्या दारांकडे वळले ते मुख्यतः तिथले कर्मचारी, कारण ती दारं त्यांच्या रोजच्या वापरातली होती.

आमच्या मागच्या जिन्याचं कोडं मला इथे उलगडलं. मी त्या इमारतीत नऊ वर्षं राहते आहे आणि नऊ वर्षांत मागच्या जिन्याने एकदाही उतरले नव्हते. त्यावर ‘फायर एक्झिट’ असं हिरव्या अक्षरांत लिहिलं आहे, पण जीव धोक्यात असताना माणूस पाटी वाचत नाही, पायांना माहीत असलेल्या वाटेने जातो. ज्या जिन्यावर चपलांचे रॅक, जुन्या कुंड्या आणि कुणाची तरी मोडकी सायकल पडली आहे, तो नकाशावर असला तरी लोकांसाठी नसल्यात जमा असतो.

इथे कुणी म्हणेल, मग चेंगराचेंगरी होते ती काय? दारात माणसांचा ढीग पडतो तो कसा? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या ‘द स्टेशन’ या नाइटक्लबात २० फेब्रुवारी २००३ रोजी लागलेल्या आगीचं चित्रीकरण उपलब्ध आहे, कारण एक कॅमेरामन आतच होता. पहिल्या अर्ध्या मिनिटात लोक वळून दाराकडे चालायला लागतात. चालायला, पळायला नाही. पण बहुतेक जण ज्या मुख्य दाराने आले त्याच दाराकडे जातात, बाकीची दारं असूनही. दोन मिनिटांच्या आत तो अरुंद बोळ माणसांनी गच्च भरतो, पुढचा पडतो, त्याच्यावर मागचे पडतात. शंभर माणसं मेली. मागच्यांना पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं आणि त्यांच्या पाठीशी आग होती. अशा वेळी रेटा तयार होतो तो कुणाच्या दुष्टपणातून किंवा वेडातून येत नाही. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली गेली की कुणाच्याच पायावर कुणाचा ताबा राहत नाही.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर तेवीस माणसं अशीच गेली. पाऊस होता, लोक छपराखाली थांबले होते, गाड्यांमागून गाड्या माणसं ओतत होत्या आणि जिना अरुंद होता. त्या जिन्याबद्दल प्रवासी वर्षानुवर्षं तक्रारी करत होते. घबराट हे कारण सांगितलं की जिन्याची रुंदी विचारायची राहून जाते. माझा राग आहे तो याच गोष्टीवर. मेलेल्यांच्या माथी दोष मारायला हा शब्द फार सोयीचा आहे.

त्याहून वाईट म्हणजे, घबराटीच्या भीतीने लोकांना वेळेवर सांगितलंच जात नाही. दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी एकोणसाठ माणसं गुदमरून मेली. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर जिन्यातून वर बाल्कनीत शिरला. पडद्यावर सिनेमा चालू होता. कुणी घोषणा केली नाही. जास्तीच्या खुर्च्या बसवण्यासाठी बाल्कनीतली एका बाजूची वाट आधीच बंद केलेली होती. न्यायालयांच्या निकालांत हे सगळं नोंदलेलं आहे. त्या बाल्कनीतल्या प्रेक्षकांना दोन मिनिटं आधी एका माणसाने मोठ्याने सांगितलं असतं तर काय झालं असतं? ते घाबरले असते, हे खरं. घाबरणं आणि भान सुटणं यात फरक आहे. घाबरलेला माणूस उठतो, पोराला कडेवर घेतो आणि दार शोधतो.

सांगायचं तर बरोबर सांगायला हवं आणि परिस्थिती बदलली की सांगणंही बदलायला हवं. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७च्या पहाटे आग लागली, तेव्हा रहिवाशांना सांगितलेलं होतं ते घरातच थांबायला. एरवी तो सल्ला योग्य असतो: चांगल्या बांधणीच्या इमारतीत आग एका घरापुरती राहते आणि जिना जवानांसाठी मोकळा राहतो. पण तिथे बाहेरच्या आच्छादनावरून आग वर चढत होती. सल्ला बदलायला पहाटेचे पावणेतीन वाजले, आग लागून जवळजवळ दोन तास झाले होते. बहात्तर माणसं गेली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी जे सांगितलं ते ऐकलं होतं. लोक ऐकतात. म्हणून तर सांगणाऱ्यावर एवढी जबाबदारी आहे.

न्यूयॉर्कचं वर्ल्ड ट्रेड सेंटर या सगळ्यात मला पुन्हा पुन्हा आठवतं, कारण तिथे एकाच इमारतीत दोनदा परीक्षा झाली. १९९३ मध्ये तळघरात बाँबस्फोट झाला, तेव्हा इमारती रिकाम्या व्हायला काही तास लागले. जिन्यांत अंधार होता, धूर होता. हात-पाय लुळे पडलेला, व्हीलचेअर वापरणारा एक कर्मचारी ६९व्या मजल्यावर होता. त्याला सहकाऱ्यांनी उचलून खाली आणलं, सहा तास लागले. त्यानंतर तिथे जिन्यांत चमकणारे पट्टे आले, दिवे आले, नियमित सराव सुरू झाले आणि जिन्यावरून घसरत उतरणाऱ्या घडीच्या खुर्च्या आणल्या गेल्या. ११ सप्टेंबर २००१ रोजी तोच माणूस त्याच मजल्यावर होता. दहा सहकाऱ्यांनी त्याला त्या खुर्चीत बसवून पाळीपाळीने खाली आणलं. दीड तास लागला आणि सगळे वाचले. त्याच उत्तर मनोऱ्यात २७व्या मजल्यावर दुसरा एक जण व्हीलचेअरवर होता. त्याचा मित्र त्याला सोडून जायला तयार झाला नाही. दोघेही गेले.

दोन्हीकडे माणसांनी एकच गोष्ट केली, आपल्या माणसाला सोडलं नाही. खुर्ची एकीकडे होती. तिची किंमत एखाद्या घराच्या फ्रिजएवढी असते.

त्या दिवशी दोन्ही मनोऱ्यांत मिळून सुमारे १७,४०० माणसं होती आणि विमानं जिथे धडकली त्याच्या खालच्या मजल्यांवरचे जवळजवळ ९९ टक्के लोक बाहेर पडले. एवढ्या मोठ्या जमावाने एवढ्या भयंकर प्रसंगी जिन्यांत ओळीने उतरून, वर चढणाऱ्या जवानांना एका बाजूने वाट करून दिली. मात्र तिथेही पुष्कळांनी निघण्याआधी संगणक बंद केले, घरी फोन केले, पिशव्या भरल्या. आणि दक्षिण मनोऱ्यात, दुसरं विमान यायच्या थोडंच आधी, इमारत सुरक्षित आहे, आपापल्या जागी परत जाता येईल, अशी घोषणा झाली होती.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा सोसायटीने परवानाधारक एजन्सीकडून अग्निसुरक्षा यंत्रणा तपासून घ्यायची आणि दर जानेवारीत व जुलैत ‘फॉर्म बी’ अग्निशमन दलाला द्यायचा. आमच्या सोसायटीचा फॉर्म वेळेवर जात होता. पंप चालू, हूटर चालू, नळकांडी भरलेली. ते सगळं खरंही होतं. फॉर्ममध्ये यंत्रांची तपासणी होती, माणसांची नव्हती. रात्री पावणेबाराला सहाव्या मजल्यावरची माणसं काय करतील, हा प्रश्न कुठल्याच रकान्यात नव्हता. राष्ट्रीय बांधकाम संहितेत उंच इमारतींसाठी पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी सराव करायचा असं म्हटलं आहे. आपल्या किती सोसायट्यांत हा सराव होतो, ते ज्याने त्याने आपल्या इमारतीपुरतं आठवून पाहावं. होतो तिथेही रविवारी सकाळी अकराला, वीसेक उत्साही मंडळी खाली जमतात, एक नळकांडं उडवून दाखवतात, फोटो निघतो. एकही आजोबा जिना उतरत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे की ‘फॉर्म बी’सोबत सरावाचा हिशेब मागितला जावा. कोणत्या तारखेला, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती माणसं उतरली, शेवटचा माणूस बाहेर यायला किती मिनिटं लागली, मदतीशिवाय उतरू न शकणारे किती आणि त्यांना कुणी आणलं. आणि घोषणा करणारा कोण, त्याचं नाव. हे शेवटचं मला सर्वांत गरजेचं वाटतं. हूटर वाजला की लोक आपण होऊन निघतात, हा गोड गैरसमज आहे. गाड्यांचे अलार्म, लिफ्टचे अलार्म, दिवाळीत फटाक्यांनी सुरू होणारे अलार्म ऐकून ऐकून हूटर आपल्या कानांना पावसाच्या आवाजासारखा झाला आहे. ओळखीच्या आवाजात, मराठीत आणि हिंदीत, ‘बी विंगच्या मीटर रूमला आग आहे, पुढचा जिना वापरू नका, मागच्या जिन्याने आत्ता खाली या’ एवढं ऐकू आलं, तर आमची पॅसेजमधली पाच मिनिटं वाचली असती. हे काम बहुतेक ठिकाणी पडणार आहे ते वॉचमनवर. त्याला आपण महिन्याला काय देतो, त्याला काय शिकवतो, आणि एका बटणावर सगळ्या इमारतीला उठवायचा अधिकार त्याला खरोखर दिला आहे का? खोटी घोषणा झाली तर नोकरी जाईल, अशी भीती असलेला माणूस माइक उचलणार नाही. आधी सेक्रेटरीला फोन लावेल. सेक्रेटरी म्हणेल, थांब, बघून येतो.

पोरांना शिकवलं तर ती किती करू शकतात हे परळने पाहिलं आहे. २२ ऑगस्ट २०१८ रोजी क्रिस्टल टॉवरला आग लागली, चार जण गेले. त्या धुरात दहा वर्षांच्या एका मुलीने ओली सुती फडकी तोंडाला धरायला लावून घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना धीर दिला. शाळेत शिकवलेलं तिला आठवलं होतं. तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. खोलीभर मोठ्या माणसांमध्ये काय करायचं हे एका मुलीला माहीत होतं आणि तिने ते मोठ्याने सांगितलं, म्हणून सगळ्यांनी केलं. कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबमध्ये २९ डिसेंबर २०१७च्या रात्री चौदा माणसं गेली, त्यांच्यातले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले. तिथे वाट दाखवणारा आवाज होता का, हाच प्रश्न माझ्या मनात येत राहतो.

आमच्या सोसायटीत या सगळ्यावर तीन सभा झाल्या. सर्वांत जास्त वाद झाला तो मागच्या दाराच्या कुलपावर. चोर येतील, ही भीती खोटी नाही, दोन सायकली खरोखर गेल्या आहेत. त्यावर उपाय फार जुना आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या संडरलँड गावी एका सभागृहात मुलांचा खेळ संपल्यावर खाऊ-खेळणी वाटायची घोषणा झाली. मुलं जिन्याने खाली धावली. खालचं दार एका वेळी एकच मूल जाईल इतकंच उघडं ठेवून कडी घातलेली होती. १८३ मुलं चिरडून मेली. त्या दुर्घटनेनंतर इंग्लंडमध्ये असा आडवा दांडा निघाला की जो आतून नुसता अंगाने रेटला तरी दार उघडतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. दुकानात तो ‘पॅनिक बार’ म्हणून मिळतो. नाव चुकीचं आहे, वस्तू अगदी बरोबर आहे.

तो आता आमच्या मागच्या दाराला बसला आहे. चपलांचे रॅक हलले, मोडकी सायकल भंगारात गेली. दर शनिवारी मागचाच जिना वापरायचा असं ठरलं आहे, निम्मे लोक पाळतात. प्रत्येक मजल्यावर दोन नावं लिहून ठेवली आहेत: कुणाला आणायचं आणि कुणी आणायचं. म्हणजे खाली आलेल्या मुलाला आजीसाठी उलटं वर जावं लागणार नाही, ती येते आहे हे त्याला आधीच माहीत असेल. खुर्चीसाठी वर्गणी अजून पुरी झालेली नाही. गेल्या महिन्यात रात्री दहाला पहिला सराव झाला. घोषणा वॉचमनने केली, कागदावर लिहून दिलेली, आधी मराठीत मग हिंदीत, आवाज थोडा थरथरत होता. समोरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या. गॅस बंद करायला त्या या वेळीही आत वळल्याच. मी म्हटलं, ‘काकू, चला.’ त्यांनी एकदा देवघराकडे पाहिलं, पिशवी खुंटीलाच राहू दिली, दार नुसतं ओढून घेतलं आणि माझा दंड धरून मागच्या जिन्याकडे वळल्या. खाली पोचलो तेव्हा चार मिनिटं वीस सेकंद झाली होती.